खेळतें पाणी : सिक्लिड माशांच्या टाकीसाठीं यंत्राची निवड

माशाला पाणी मिळालें म्हणजे सर्व कांहीं मिळालें, अशी आपली सामान्य समजूत असते. परंतु नदींत किंवा तळ्यांत मासा ज्या पाण्यांत वाढतो तें पाणी आणि दिवाणखान्यांतील कांचेच्या टाकींत आपण ओततों तें पाणी, यांत मोठा भेद आहे. निसर्गांतील पाण्याला वारा हालवितो, उतार वाहवितो, ऊन व थंडी यांच्या फरकानें तें वरखालीं होतें. टाकींतील पाण्याला यांपैकीं कोणीच वाली नाहीं. तें हालविण्याचें काम माणसानें अंगावर घेतलें तरच होतें. हें काम करणारीं यंत्रें आज लहानमोठ्या शहरांतील दुकानांतून मिळतात आणि त्यांच्या खोक्यांवर मोठमोठे आंकडे छापलेले असतात. त्या आंकड्यांना भुलून घेतलेलें यंत्र कधीं माशांना अपुरें पडतें, तर कधीं त्यांना दिवसरात्र झोडपीत राहतें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं मासे पाळलेले असतील. त्यांना व त्यांच्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून सिक्लिड या एका मत्स्यकुलाचें उदाहरण घेऊन, पाणी खेळतें ठेवण्याचें साधन कसें निवडावें याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

सिक्लिड म्हणजे कोण?

हें नांव परकें वाटलें तरी हे मासे आपल्या ओळखीचे आहेत. उजनीच्या जलाशयांतून बाजारांत येणारी चिलापी ही याच कुळांतील होय. हिचें मूळ आफ्रिकेंत. हिच्या जातींपैकीं मोझांबिकी तिलापिया भारतांत १९५२ सालीं आणली गेली. गोव्याकडे खाडीच्या पाण्यांत मिळणारा कालुंदर हा तर या देशाचाच जुना रहिवासी आहे. केरळांत त्याला करीमीन म्हणतात व २०१० सालीं त्या राज्यानें त्याला आपला राज्यमत्स्य ठरविलें. त्याच्या शास्त्रीय नांवांतील 'सुरतेन्सिस' हा शब्द सुरत शहरावरून आलेला आहे.

जगांत या कुळाच्या सोळाशेंहून अधिक जाती शास्त्रज्ञांनीं नोंदल्या आहेत. त्यांपैकीं बहुतेक आफ्रिकेंत व दक्षिण आणि मध्य अमेरिकेंत आढळतात. पिलांची जोपासना हा या माशांचा विशेष गुण होय. कित्येक जातींत मादी अंडीं तोंडांत धरून तेथेंच तीं उबविते व मधूनमधून तोंडांतल्या तोंडांत घोळविते. दुसऱ्या कित्येक जातींत आईबाप दगडावर किंवा पानावर चिकटविलेल्या अंड्यांजवळ उभे राहून आपल्या परांनीं त्यांना जणूं पाण्याचा वारा घालीत असतात. पाणी खेळतें राहिलें नाहीं तर अंडीं गुदमरतील, हें कोणीं न शिकवितां या मुक्या जीवांना कळतें. ज्यानें त्यांना आपल्या घरीं आणलें त्याला तें कळूं नये, हें बरें नव्हे.

पाणी कां हालवावें?

पाणी हालविण्याचीं मुख्य कारणें तीन आहेत. पहिलें कारण श्वासाचें. एक लिटर हवेंत जितका प्राणवायु असतो, त्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकाहि एक लिटर पाण्यांत विरघळत नाहीं. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सियस उष्णतेच्या गोड्या पाण्यांत लिटरमागें फार तर ९.१ मिलिग्रॅम प्राणवायु राहतो. २५ अंशांस ८.३ आणि ३० अंशांस ७.६. म्हणजे वैशाखांत जेव्हां माशांचा श्वासोच्छ्वास जलद होतो व त्यांना प्राणवायु अधिक हवा असतो, नेमका तेव्हांच पाणी तो कमी देऊं शकतें. पुण्यासारख्या सुमारें साडेपांचशें मीटर उंचीच्या ठिकाणीं हवेचा दाब कमी असल्यामुळें हे आंकडे आणखी सुमारें सहा टक्क्यांनीं उतरतात.

बरें, हा प्राणवायु टाकींत येतो तो प्रायः पाण्याच्या पृष्ठभागांतूनच. पाणी अगदीं स्तब्ध असेल तर पृष्ठभागापासून एक सेंटीमीटर खालीं उतरण्यास त्याला सहासात तास लागतात. अंतर दुप्पट झालें कीं वेळ चौपट होतो, असा हा नियम असल्यामुळें दीड फूट खोल टाकीच्या तळाशीं तो केवळ आपल्या गतीनें पोंचावयाचा म्हटला तर वर्षाहून अधिक काळ लोटेल. अर्थात् पृष्ठभागाचें पाणी तळाशीं नेणें व तळाचें पृष्ठभागाशीं आणणें, हाच येथें एकमेव उपाय आहे. एअर पंपाचे बुडबुडे पाण्यांत प्राणवायु ओततात, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्यांचें मोठें काम म्हणजे वर चढतांना बरोबर पाणी वर नेणें आणि पृष्ठभाग ढवळून टाकणें हें होय.

दुसरें कारण स्वच्छतेचें. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेंतून अमोनिया नांवाचें विष पाण्यांत उतरतें. गाळणींत, म्हणजे ज्याला बाजारांत फिल्टर म्हणतात त्यांत, वाढणारे उपकारक जंतु त्या अमोनियाचें प्रथम नायट्राइट व नंतर त्याहून पुष्कळ सौम्य असें नायट्रेट बनवितात. परंतु त्या जंतूंपर्यंत घाण पोंचली पाहिजे आणि त्यांनाहि प्राणवायु मिळाला पाहिजे. हीं दोन्ही कामें वाहत्या पाण्याचीं आहेत. तिसरें कारण उष्णतेचें. थंडीच्या दिवसांत हीटर लावला असतां पाणी फिरत नसेल तर वरचें पाणी ऊन व तळाचें गार असे दोन थर पडतात, आणि मासा एका थरांतून दुसऱ्यांत जातांना त्याला विनाकारण त्रास होतो.

या नियमाचें भव्य उदाहरण आफ्रिकेंतील मलावी सरोवरांत पाहावयास मिळतें. हें सरोवर सुमारें ५८० किलोमीटर लांब असून सर्वांत खोल ठिकाणीं सुमारें ७०० मीटर खोल आहे. त्याच्या वरच्या थरांत सिक्लिडांच्या शेंकडों जाती नांदतात. परंतु वरचें पाणी व तळाचें पाणी एकमेकांत मिसळत नसल्यामुळें सुमारें अडीचशें मीटरांखालीं तेथें प्राणवायु मुळींच नाहीं, आणि म्हणून मासेहि नाहींत. एवढ्या अफाट जलराशींत जर न खेळणारें पाणी माशांना निरुपयोगी ठरतें, तर आपल्या टाकीची कथा काय?

कोणत्या पाण्याचा मासा?

वरील कारणें वाचून, मग जितका प्रवाह अधिक तितकें चांगलें, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. सर्व सिक्लिड एका पाण्याचे नव्हेत. म्हणून यंत्र पाहण्यापूर्वीं मासा पाहावा व माशाच्या आधीं त्याचा मूळ गांव पाहावा, असें आम्ही म्हणतों. तीन उदाहरणें घेऊं.

मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या सिक्लिडांना तेथील लोक 'म्बुना' म्हणतात. खडकावरील शेवाळ खरवडून खाणें हा त्यांचा उद्योग. थंड व कोरड्या ऋतूंत त्या सरोवरावर आग्नेय दिशेकडून 'म्वेरा' नांवाचा वारा सुटतो आणि लाटा किनाऱ्यावर आदळूं लागतात. या माशांना पाण्याचा जोर व भरपूर प्राणवायु यांची संवय असते. शिवाय ते भांडखोर असल्यामुळें एकाच दुबळ्या माशावर सर्वांचा रोख राहूं नये म्हणून ते टाकींत दाटीनें ठेवण्याचा प्रघात आहे. दाटी आली कीं घाणहि आली. त्यांतच त्यांचें पाणी अल्कधर्मी असतें. पाण्याचा पी-एच एका अंकानें वाढला कीं अमोनियाचा विषारी भाग सुमारें दहापट होतो. या सर्व कारणांनीं म्बुना माशांच्या टाकींत प्रवाह जोरदार व गाळणी मोठी असावी लागते.

याच्या उलट ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील एंजल मासा पाहा. त्याचें शरीर तबकडीसारखें चपटें असून पर शिडांसारखे उंच व लांब असतात. संथ पाण्यांत, वनस्पतींच्या उभ्या देंठांमधून अलगद सरकण्यासाठींच ही घडण झालेली आहे. वादळांत जहाजानें शिडें उभारावींत तशी जोरदार प्रवाहांत याची स्थिति होते. तो दिवसभर प्रवाहाशीं झुंजतो, थकतो, खाणें टाळतो, आणि शेवटीं कोपऱ्यांत जाऊन उभा राहतो. त्याच्यासाठीं पाणी फिरलें पाहिजे, पण तें फिरतें आहे हें त्याच्या परांना जाणवूं नये.

तिसरें उदाहरण कांगो नदीच्या खालच्या भागांतील धांवत्या पाण्याचें. तेथें स्टिएटोक्रेनस नांवाचा सिक्लिड राहतो. माशांना पाण्यांत तरंगून राहण्यास मदत करणारी जी वायूची पिशवी असते ती याच्यांत लहान झालेली आहे. त्यामुळें तो तरंगण्याऐवजीं तळाच्या दगडांवरून टुणटुण उड्या मारीत चालतो व प्रवाहाबरोबर वाहून जात नाहीं. संथ टाकी ही त्याची टाकी नव्हे.

एकाच कुळांतील हे तीन मासे. तिघांच्या गरजा तीन प्रकारच्या. दुकानदारास 'सिक्लिडसाठीं कोणता पंप चांगला?' असें विचारणें म्हणजे वैद्यास 'माणसासाठीं कोणतें औषध चांगलें?' असें विचारण्यासारखें आहे. आणि या तिघांना एका टाकींत कोंडणें म्हणजे कोणास तरी जन्मभर त्रास देणें, हें त्यावरून आपोआपच ठरतें.

साधनांचे प्रकार

आतां बाजारांत मिळणाऱ्या साधनांकडे वळूं.

सर्वांत साधें व स्वस्त साधन म्हणजे एअर पंप. तो टाकीबाहेर राहतो व रबरी नळीनें हवा आंत सोडतो. नळीच्या टोकाला सच्छिद्र दगड लावला तर बारीक बुडबुडे निघतात. स्पंज फिल्टर लावला तर चढत्या बुडबुड्यांबरोबर पाणी स्पंजांतून ओढलें जाऊन गाळलेंहि जातें. प्रवाह मंद असतो व पिलें ओढलीं जाण्याची भीति नसते. म्हणून एंजलसाठीं व पिलांच्या टाकीसाठीं हें साधन उत्तम. मात्र हा पंप पाण्याच्या पातळीपेक्षां उंच ठेवावा किंवा नळींत एकमार्गी झडप बसवावी. असें न केल्यास वीज जातांच टाकींतील पाणी नळींतून उलट वाहून पंपांत शिरतें.

दुसरें साधन पाण्यांत बुडवून ठेवावयाचा पंप, ज्याला पॉवरहेड म्हणतात. याच्या पोटांत चुंबकाचें एक भोंवरें असतें. भोंवतालच्या वेटोळ्यांतून वीज वाहिली कीं तें फिरूं लागतें व पाणी मध्यभागांतून ओढून बाजूच्या अरुंद तोंडानें बाहेर फेंकतें. फिरणारा भाग व विजेचा भाग यांच्यामध्यें भरीव आवरण असल्यामुळें पाणी आंत शिरत नाहीं. आपल्याकडे सर्वत्र दिसणारा टॉप फिल्टर याच पंपावर चालतो. पंप पाणी वर उचलून टाकीच्या माथ्यावरील डब्यांत सोडतो, तेथें तें कापसांतून व खड्यांतून गळून पुन्हां खालीं पडतें. पडतांना पृष्ठभाग हालतो, हा याचा आणखी एक गुण.

तिसरें साधन कॅनिस्टर. हा झांकणबंद डबा टाकीखालीं ठेवतात. पाणी एका नळीनें त्यांत उतरतें व दुसरीनें वर येतें. यांत गाळण्याचें साहित्य पुष्कळ मावतें, म्हणून म्बुनासारख्या दाटीच्या टाकीला तो शोभतो. पण किंमत अधिक, आणि वीज बराच वेळ गेली तर बंद डब्यांतील जंतु प्राणवायूवांचून मरूं लागतात.

चौथें साधन वेव्हमेकर. यांत जहाजाच्या पंख्यासारखा लहान पंखा असतो. पॉवरहेड अरुंद तोंडांतून पिचकारीसारखी धार मारतो. वेव्हमेकर रुंद व मऊ प्रवाह लोटतो. सपाटीवर पाणी ढकलावयाचें असेल तर तितक्याच विजेंत तो पॉवरहेडपेक्षां पुष्कळ अधिक पाणी हालवितो. परंतु पाणी उंचावर चढविणें किंवा दाट गाळणींतून रेटणें त्याला जमत नाहीं. यावरून ध्यानांत येईल कीं वेव्हमेकर हा गाळणीचा सोबती आहे, तिचा पर्याय नव्हे.

हिशेब

निवडीचा पाया हिशेबाचा असावा. समजा, एका टाकीची आंतली लांबी १२० सेंटीमीटर, रुंदी ४५ व उंची ४५ आहे. गुणाकार २,४३,००० घनसेंटीमीटर, म्हणजे २४३ लिटर. परंतु इतकें पाणी तींत नसतें. वरचे चार सेंटीमीटर रिकामे सोडले तर सुमारें २२ लिटर गेले. तळाशीं पांच सेंटीमीटर वाळू अंथरली तर तिचे कण सुमारें १६ लिटर जागा व्यापतात. आपल्याकडील काळ्या दगडाचे तीस किलो तुकडे रचले तर आणखी सुमारें १० लिटर. उरलें पाणी १९५ लिटर.

माशांचे अनुभवी पाळक टाकीचें सर्व पाणी तासाला किती वेळां फिरावें, या मापानें पंप ठरवितात. म्बुनासाठीं आठ ते दहा वेळां, एंजलसाठीं तीन ते चार वेळां, असा सर्वसाधारण प्रघात आहे. म्हणजे वरील टाकींत म्बुना असतील तर १५६० ते १९५० लिटर, आणि एंजल असतील तर ५८५ ते ७८० लिटर. म्बुनाच्या टाकींत हें सारें काम एकट्या गाळणीवर टाकण्याची गरज नाहीं. गाळणीनें पांच वेळां, म्हणजे ९७५ लिटर फिरविले, तर उरलेलें सहाशें ते हजार लिटरांचें काम लहान वेव्हमेकरकडे द्यावें. हें माप प्रघाताचें आहे, निसर्गनियमाचें नव्हे. तें सुरुवातीसाठीं घ्यावें व पुढें माशांच्या वागणुकीवरून कमीअधिक करावें.

येथें खोक्यावरील आंकड्याची परीक्षा करणें अवश्य आहे. 'तासाला १००० लिटर' असें लिहिलेलें असतें तें पाणी मुळींच उंच न चढवितां व गाळणी न जोडतां मोजलेलें असतें. त्याच खोक्यावर पंपाची कमाल उंचीहि दिलेली असते. त्या उंचीवर प्रवाह शून्य होतो. कमाल उंची १.२ मीटर असेल आणि आपण पाणी ०.६ मीटर चढविलें, तर प्रवाह सुमारें निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक उरतो. पुढें कापूस मळला कीं तो आणखी उतरतो.

खरा प्रवाह मोजण्यास महागडें उपकरण लागत नाहीं. दहा लिटरांची बादली व सेकंदकांट्याचें घड्याळ पुरे. गाळणींतून परत येणारी धार बादलींत घ्यावी व ती किती सेकंदांत भरते तें पाहावें. ३६,००० ला त्या सेकंदांनीं भागलें कीं तासाचे लिटर निघतात. बादली ६० सेकंदांत भरली तर प्रवाह ६०० लिटर. हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं नवी गाळणी बसवितांना एकदां व महिन्याभरानें पुन्हां करून दोन्ही आंकडे वहींत टिपावेत. दुसरा आंकडा बराच घटलेला दिसला तर गाळणी धुण्याची वेळ झाली असें समजावें. मात्र ती धुवावयाची टाकींतूनच काढलेल्या पाण्यांत. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन उपकारक जंतूंना मारतें.

पालकांनीं आणखी एक हिशेब करावा. दहा वॉटचा पंप दिवसाचे चोवीस तास चालला तर तीस दिवसांत ७.२ युनिट वीज जाळतो. चाळीस वॉटचा २८.८ युनिट. पंप रात्रीं बंद करून वीज वांचविण्याचा मोह धरूं नये. रात्रीं वनस्पतीहि प्राणवायु घेत असल्यामुळें पहाटेच्या वेळीं टाकींतील प्राणवायु सर्वांत कमी असतो. तेव्हांच पंपाची गरज अधिक. बचत करावयाची ती योग्य आकाराचा पंप घेऊन करावी. शिवाय बुडत्या पंपाची वीज अखेर उष्णता होऊन पाण्यांतच उतरते, हेंहि उन्हाळ्यांत ध्यानांत ठेवावें.

मांडणी व परीक्षा

चांगलें यंत्र वाईट जागीं लावलें तर वायां जातें. गाळणीची परत येणारी धार किंवा वेव्हमेकर टाकीच्या एका टोकाला, पृष्ठभागाच्या किंचित् खालीं, लांबीच्या दिशेनें लावावा. म्हणजे पाणी वरून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन कांचेवर आपटतें, खालीं वळतें आणि तळावरून परत येतें. गाळणीचें शोषणारें तोंड या परतीच्या वाटेवर तळाजवळ असावें. म्बुनासाठीं दगड रचतांना ते मागील कांचेपासून चार बोटें दूर ठेवावेत. नाहीं तर त्यांच्यामागें मेलेलें पाणी व कुजकट घाण सांचते. एंजलच्या टाकींत धार सरळ न सोडतां कांचेकडे किंवा भोंकें पाडलेल्या आडव्या नळींतून सोडावी, म्हणजे तिचा जोर विखुरतो. आणि टाकी कोणाचीहि असो, पिलांसाठीं शोषक तोंडावर स्पंजाची टोपी घालावी, व प्रवाहापासून विसावा घेतां येईल असा एखादा निवांत कोपरा अवश्य राखावा. नदींतहि दगडाआड असा आडोसा असतोच.

यंत्र लावल्यावर आठवडाभर तरी रोज दहा मिनिटें टाकीसमोर बसून पाहावें. काठीला बांधलेला लोंकरीचा धागा ठिकठिकाणीं बुडवावा. तो कोठें ताठ वाहतो व कोठें लोंबकळतो यावरून प्रवाहाचा नकाशा काढतां येतो. घाण एकाच जागीं सांचत असेल तर तेथें पाणी पोंचत नाहीं. वाळू उडून कांचेचा तळ उघडा पडत असेल तर जोर फार झाला. मात्र सिक्लिड स्वतः वाळू उकरतात, तेव्हां दोष कोणाचा हें नीट पाहावें. सर्व मासे एका दगडामागें दडून बसत असतील, पर अंगाला मिटून घेत असतील, किंवा खाण्याचा कण पकडण्यापूर्वींच तो वाहून जात असेल, तर प्रवाह कमी करावा. पहाटे मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडझांप करीत असतील तर पृष्ठभाग अधिक हालविण्याची निकड आहे असें जाणावें. मासा बोलत नाहीं. पण पाहणाऱ्याला तो सर्व सांगतो.

वीज गेली तर?

वीज जाण्याचा प्रसंग आपल्याकडे कधीं ना कधीं येतोच. ज्याचें सारें एका मोठ्या पंपावर अवलंबून आहे त्याची टाकी त्या वेळीं, किंवा तो पंप बिघडला त्या दिवशीं, एकदम स्तब्ध होते. म्हणून एका मोठ्या पंपापेक्षां दोन मध्यम साधनें बरीं, व त्यांपैकीं एक एअर पंप असावा, असें आमचें मत आहे. बॅटरीवर चालणारे लहान एअर पंप मिळतात. तसा एक घरांत तयार ठेवावा. तोहि नसेल तर तांब्यानें टाकींतलेंच पाणी वर घेऊन हातभर उंचीवरून धारेनें सोडावें. दर घटकेनें पांचदहा मिनिटें हें केलें तरी संकट पुष्कळ टळतें. वीज नसतांना माशांना खावयास घालूं नये. कॅनिस्टर कित्येक तास बंद राहिला असेल तर त्यांतील शिळें पाणी ओतून टाकून, साहित्य टाकीच्या पाण्यांत खळबळून मगच तो सुरू करावा.

विजेच्या धोक्याविषयीं मुलांनीं व पालकांनीं सारखेंच सावध असावें. टाकींत हात घालण्यापूर्वीं पाण्यांतील प्रत्येक यंत्राची वायर प्लगांतून काढावी. नुसतें बटण बंद करून थांबूं नये. वायरीला प्लगाच्या खालीं झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारें पाणी झोळाच्या तळाशीं ठिबकेल, प्लगांत शिरणार नाहीं. घराच्या वीजजोडणीला अर्थिंग व गळती होतांच वीज तोडणारा स्विच असावा. लहान मुलांनीं हें काम मोठ्या माणसाच्या देखत करावें.

यंत्र काय करूं शकत नाहीं?

शेवटीं एक गोष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. कितीहि उत्तम यंत्र घेतलें तरी तें पाणी फिरवितें; पाणी नवें करीत नाहीं. नायट्रेट हळूहळू सांचतच राहतें, आणि तें काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे दर आठवड्यास चौथा ते तिसरा हिस्सा पाणी काढून क्लोरीनरहित व त्याच उष्णतेचें ताजें पाणी भरणें. तसेंच टाकींत मावतात त्याहून अधिक मासे कोंबले, किंवा हौसेपोटीं दिवसांतून पांच वेळां खाणें टाकलें, तर त्याची भरपाई कोणताहि पंप करूं शकत नाहीं. पैसे देऊन यंत्र विकत मिळतें, लक्ष विकत मिळत नाहीं.

तात्पर्य, क्रम असा ठेवावा : प्रथम मासा, मग त्याचें मूळ पाणी, मग टाकीचें खरें माप, मग प्रवाहाचा हिशेब, आणि सर्वांच्या शेवटीं दुकान. हा क्रम उलटला कीं पैसा जातो व जीवहि जातो. विद्यार्थिमित्रांनो, सरोवरांतील वारा व नदीचा उतार यांच्याकडे जें काम होतें तें माशाला घरीं आणतांच आपण आपल्याकडे घेतलेलें असतें. तें काम रात्रीं आपण झोंपलों असतांनाहि चालूं राहील, अशी तजवीज केल्यावरच माशाला घरीं आणावें.